छातीच्या वॉर्डात सापडलेले मनाचे औषध

१९५७ साली अमेरिकेतल्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत मुंबईच्या एका डॉक्टरांचे नाव होते : रुस्तम जाल वकील. परळच्या केईएम रुग्णालयात काम केलेले हे हृदयरोगतज्ज्ञ. त्याच वर्षीच्या त्याच यादीत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइनही होते. वकिलांना मान मिळाला तो रक्तदाबावरच्या कामासाठी, क्लाइन यांना मनोविकारांवरच्या कामासाठी. औषध मात्र दोघांचे एकच, सर्पगंधेच्या मुळीतून आलेले. क्लाइन यांच्या नावावर आणखी एक औषध जमा झाले आणि ते आले होते क्षयरोग्यांच्या वॉर्डातून.

मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांचा इतिहास लोक मनोरुग्णालयांत शोधतात. त्यातली दोन मोठी प्रकरणे रक्तदाबाच्या आणि क्षयाच्या रुग्णांच्या खाटेशेजारी लिहिली गेली, हे फारसे कुणी सांगत नाही. मला ही हकीकत वाशिमच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. त्याचे कारण ओघात येईलच.

त्या काळात आपल्याकडे काय होते ते आधी पाहू. वाशिम हा १९०५ पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. नंतर तो अकोल्याचा तालुका झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर इथल्या क्षयरोग्याला दम धरून दूरवर जावे लागे. पैसा असेल तर मिरजेजवळ वानलेसवाडीचे किंवा पाचगणीचे आरोग्यधाम. नसेल तर घरचीच ओसरी, वेगळे ताट-वाटी आणि शेजाऱ्यांनी वळवलेली तोंडे. मनाचा रुग्ण असेल तर नागपूरचे मनोरुग्णालय. ते १८६४ पासूनचे. पण तिथे माणूस नेला म्हणजे घरातून वजा झाला, अशीच लोकांची समजूत. या दोन आजारांची गाठ एकाच देहात पडली तर काय करायचे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

१९४६ च्या भोर समितीच्या आरोग्यविषयक अहवालात या दोन्ही आजारांचे आकडे सापडतात. देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण, वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू आणि त्यांच्यासाठी खाटा सुमारे ६ हजार. मनोरुग्णालयांतल्या खाटा जेमतेम १० हजार. क्षयाने श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी पाहिलेच नव्हते. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत विदर्भातच, सावनेरला गेले, तेही क्षयानेच. खोकला, ताप, रक्ताची गुळणी हे सगळे नोंदले जाई. रात्रभर जागणाऱ्या, जेवण नको म्हणणाऱ्या, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, याला नोंदवहीत रकाना नव्हता.

आता सर्पगंधेकडे येऊ. गुडघाभर उंचीचे झुडूप, पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके आणि खाली वेडीवाकडी, मातकट मुळी. मुळीच्या सालीतच सगळा जोर असतो. जिभेवर ठेवली तर कडूजहर. आयुर्वेदात ती सर्पविषावर आणि उन्मादावर सांगितली आहे. बिहारमध्ये तिला लोक सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिले की, मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन दिवसातून दोनदा दिले, तर झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि वेडाचा जोर ओसरतो. एकाच वाक्यात रक्तदाब आणि वेड. पुढच्या पंचवीस वर्षांत जगाला जे कोडे सुटायचे होते, त्याचा धागा कलकत्त्याच्या त्या छोट्या लेखात होता. बाहेरच्या जगात कुणी तो वाचला नाही.

तो धागा उचलला वकिलांनी. १९११ साली मुंबईत जन्मलेले, विलायतेत शिकून परतलेले हे डॉक्टर. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर धड औषध नव्हते. मीठ तोडा, आराम करा, झोपेच्या गोळ्या घ्या. फारच झाले तर पाठीतल्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया. देशी वैद्य आणि अनेक डॉक्टर मात्र सर्पगंधा देत होते आणि हिमालय कंपनीच्या ‘सर्पिना’ गोळ्या १९३४ पासून बाजारात होत्या. लोक घेतात, गुण येतो म्हणतात. एवढ्यावर शास्त्र उभे राहत नाही. वकिलांनी रुग्ण निवडले, औषध दिले, पुन्हा पुन्हा दाब मोजला, टिपून ठेवला. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास छापून आला.

आजच्या मोजमापाने या अभ्यासात उणीव आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच्या एकच वर्ष आधी, १९४८ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली होती. त्यात क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी कुणाला औषध आणि कुणाला नुसता बिछान्यावरचा आराम, हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून दिले होते. ती पद्धत पुढे साऱ्या वैद्यकाने उचलली. छातीच्या रुग्णांनी वैद्यकाला दिलेली ही आणखी एक देणगी. वकिलांकडे ती शिस्त नव्हती. पण औषध रोजच्या वापरात असताना, घरचे म्हणून त्याला डोक्यावर न घेता आणि घरचे म्हणून न झिडकारताही, कागदावर आणण्याची चिकाटी त्यांच्याकडे होती. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा हाच.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला आणि मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. त्यांना दाब उतरलेला दिसलाच, शिवाय रुग्ण शांत झालेलेही दिसले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पिन. १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम यांना स्किझोफ्रेनियावर सर्पगंधा वापरल्याच्या निबंधासाठी गणनाथ सेन यांच्या नावाचे सुवर्णपदक मिळाले. ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि ती वाचून क्लाइन यांनी रॉकलंडच्या शेकडो रुग्णांवर हे औषध वापरून पाहिले. १९५४ मध्ये त्यांचा अहवाल आला. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली, अंगावरचे कपडे फाडणारी माणसे बसून बोलू लागली. सेन आणि बोस यांनी सांगितलेले वेडाचा जोर ओसरणे ते हेच, तेवीस वर्षांनी आणि सातासमुद्रापलीकडून सिद्ध झालेले.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसत्या कौतुकाची झाली असती. पण १९५४ मध्येच एडवर्ड फ्रीस यांनी लिहिले की, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खचत चालले आहेत. झोप मोडते, भूक मरते, कशातच मन लागत नाही. दाब छान उतरलेला, आणि माणूस विझलेला. अशा नोंदी इतरांनीही केल्या. पुढे अनेक वर्षांनी जुन्या कागदांची छाननी झाली तेव्हा दिसले की, त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीही नैराश्य येऊन गेले होते आणि औषधाचा दोष वाटला त्यापेक्षा कमी होता. पण त्या वेळी ही नोंद विजेसारखी चमकली. कारण त्याच सुमारास अगदी उलटी गोष्ट एका क्षयरोग रुग्णालयात घडली होती.

न्यूयॉर्क शहराचे सी व्ह्यू रुग्णालय स्टेटन बेटावर आहे. १९५१ मध्ये तिथे एडवर्ड रॉबित्झेक आणि आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी सगळ्या उपचारांनी हात टेकलेल्या क्षयरोग्यांना दोन नवी द्रव्ये देऊन पाहिली. एक आयसोनियाझिड, दुसरे इप्रोनियाझिड. आयसोनियाझिड हे खरे तर १९१२ सालचे. प्रागमधल्या दोन रसायनतज्ज्ञांनी ते बनवले आणि कपाटात ठेवून दिले होते. चाळीस वर्षे एक औषध कुणाच्याही लक्षात न येता पडून राहिले, आणि त्या चाळीस वर्षांत जगभर किती माणसे क्षयाने गेली, हा विचार मनातून जात नाही.

गोळ्यांनी ताप उतरले, वजने वाढली. पण परिचारिकांना आणि डॉक्टरांना आणखी काही दिसले. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले लोक उठून बसले, जेवण मागू लागले, एकमेकांची थट्टा करू लागले, वॉर्डात नाचू लागले. १९५२ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत हसणाऱ्या, नाचणाऱ्या क्षयरोग्यांची छायाचित्रे झळकली. फुप्फुसे अजून बरी व्हायची होती, उल्हास त्यांच्या आधीच आला. इप्रोनियाझिड घेणाऱ्यांत तो जास्त. काहींना तर तो इतका की आवरावे लागे.

डॉक्टरांना यात नुसता दुष्परिणाम दिसला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. १९५२ मध्ये पॅरिसच्या जाँ डले यांनी आयसोनियाझिड नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले, लगेचच सिनसिनाटीच्या मॅक्स लुरी आणि हॅरी साल्झर यांनीही. शिकागोत अर्न्स्ट झेलर यांनी दाखवले की, इप्रोनियाझिड शरीरातले मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर अडवते. १९५७ मध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्षय नसलेल्या पण नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांवर इप्रोनियाझिडचा गुण जाहीर केला. नैराश्यावरच्या औषधांचे पहिले घराणे ते हे. यकृताला अपाय होतो असे दिसल्यावर १९६१ मध्ये अमेरिकेत ते औषध मागे घ्यावे लागले, पण वाट पडली ती पडली.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. रक्तदाबाचे काही रुग्ण रिसर्पिनने खचत होते. स्टेटन बेटावरचे छातीचे रुग्ण इप्रोनियाझिडने फुलत होते. १९५५ मध्ये बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, रिसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. ही प्रयोगशाळा होती अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेत. मनाचे रसायन हृदयाच्या घरी सापडत होते. जनावराला आधी इप्रोनियाझिड देऊन मग रिसर्पिन दिले तर ते गळून पडण्याऐवजी तरतरीत होते, हेही दिसले. एक औषध साठा उधळते, दुसरे तो सांभाळते. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन दिलेले ससे पुढे मांडले. कान लोंबलेले, निपचित, हलायलाही तयार नाहीत. त्यांना एल-डोपाची सुई टोचली आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून चालू-फिरू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराचा आरंभ तिथे आहे, आणि कार्लसन यांच्या २००० सालच्या नोबेल पुरस्काराचाही. नैराश्य म्हणजे मेंदूतल्या या द्रव्यांची कमतरता, ही कल्पना या साऱ्यातून आली. ती आज जशीच्या तशी कुणी मानत नाही. आजार त्याहून गुंतागुंतीचा निघाला. पण गेल्या सत्तर वर्षांतल्या नैराश्यावरच्या बऱ्याचशा गोळ्या तिच्याच मागे चालत आल्या आहेत.

भारतात यानंतर जे झाले ते क्षयरोग्यांच्या दृष्टीने फार मोठे होते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र उघडले. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ रुग्ण घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच गोळ्या दिल्या. घरी राहिलेल्यांना अपुरे जेवण, दाटीची खोली, कामाचा ताण. तरीही दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच आले. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. १९६२ पासून देशात जिल्हावार क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. अकोला, वाशिमच्या माणसाला मिरजेची वाट धरायची गरज उरली नाही. गोळी गावात आली. या निर्णयाने लाखो जीव वाचले, त्याबद्दल मनात किंतु नाही.

पण एक गोष्ट त्यात हरवली. सी व्ह्यूच्या रुग्णांचा उल्हास कुणाच्या तरी डोळ्यांना दिसला, कारण ते रात्रंदिवस एका छताखाली होते. कोण जागा आहे, कोण जेवला नाही, कोण आज पहिल्यांदा हसला, हे परिचारिका पाहत होती. घरी गोळ्या घेणाऱ्या माणसाची थुंकी तपासली जाते, वजन घेतले जाते; त्याचे मन कुणी तपासत नाही. १९७८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ट्युबरक्युलोसिस’मध्ये, रुग्णालयात दाखल क्षयरोग्यांतल्या नैराश्यावर राजस्थानातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. दाखल रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत त्यांना नैराश्य आढळले होते. आजार लांबलेला, घरातला पैसा संपलेला, बायको माहेरी गेलेली, लेकीचे लग्न अडलेले. यातून मन कोलमडले तर नवल कसले? नवल हे की, ते विचारण्याला इतकी वर्षे कुणाला सवड नव्हती.

उलटा प्रवासही आहेच. पश्चिम विदर्भात मनाचा त्रास बऱ्याचदा छातीवाटे दवाखान्यात येतो. ‘जीव घाबरा होते’, ‘छाती धडधडते’, ‘छातीवर कोणी बसल्यावानी वाटते’ असे सांगत माणूस येतो, त्याचा ईसीजी निघतो, एक्स-रे निघतो, दोन्ही चांगले येतात आणि टॉनिकची बाटली घेऊन तो परत जातो. वाशिम हा शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये आलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन झोप, भूक, उदासी यांबद्दल विचारले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअट्री’त छापून आले. विचारण्यापासून सुरुवात केली तर एवढा फरक पडतो.

क्षयाच्या उपचारात मनाचा डॉक्टर पुन्हा आला तो औषधाला दाद न देणाऱ्या क्षयामुळे. २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात त्यासाठी ‘डॉट्स-प्लस’ सुरू झाले. दोन वर्षांच्या त्या उपचारात सायक्लोसेरीन हे एक औषध असे. त्याने काहींना भास होत, काही खचून जात, क्वचित स्वतःच्याच जिवावर उठत. म्हणून उपचार सुरू करण्याआधी रुग्णाची मानसिक तपासणी करायची असा नियम झाला. गंमत नव्हे, खरेच : याच सायक्लोसेरीनने पन्नासच्या दशकात काही क्षयरोग्यांची उदासी पळाली होती आणि न्यूयॉर्कच्या जॉर्ज क्रेन यांनी ते टिपून ठेवले होते. एकच गोळी एकाला उभे करते, दुसऱ्याला पाडते. कुणाला काय होते हे खाटेशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत वाशिमचे एक आहे. ज्या गावातून रुग्ण आजवर अकोल्याला, नागपूरला पाठवले जात, तिथे आता विद्यार्थी पांढरा कोट घालून वॉर्डात फिरतील, रुग्णाची हकीकत लिहायला शिकतील. वकिलांकडे रक्तदाब मोजायचे यंत्र आणि वही होती. सी व्ह्यूच्या परिचारिकांकडे तर फक्त डोळे होते. वाशिमला यातले काहीच कमी नाही. मानोरा, रिसोड, मंगरूळपीरहून आलेल्या क्षयाच्या, दम्याच्या, छातीत धडधड होणाऱ्या रुग्णांना झोपेबद्दल, उमेदीबद्दल दोन प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर उतरवायला महागडी यंत्रे लागत नाहीत.

आणि हे विचारणे आता केवळ कनवाळूपणाचे राहिलेले नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला : बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. सायक्लोसेरीन त्यातून गेले. पण लिनेझोलिड हे थोड्या प्रमाणात मोनोअमाइन ऑक्सिडेझ अडवते. म्हणजे इप्रोनियाझिडने अडवलेले तेच विकर. रुग्ण आधीपासून नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी गोळी घेत असेल आणि त्यावर लिनेझोलिड सुरू झाले, तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून थरथर, ताप, गोंधळ, प्रसंगी जिवाला धोका असे काहीही होऊ शकते. अशी गोळी गावातल्या कितीतरी घरांत गुपचूप घेतली जाते; अकोल्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात दडवलेली असते आणि क्षयाच्या डॉक्टरांना ती कुणी दाखवत नाही. म्हणून लिनेझोलिडची पहिली गोळी हातावर ठेवण्याआधी, दार लोटून घेऊन, घरच्यांना बाहेर थांबवून, रुग्णाला विचारायला हवे : दादा, झोपेची, मनाची काही गोळी चालू आहे का?